तिरकं जाऊ दे, देवा

देवा, आज पाणी वाहतंय. परवापर्यंत ते बंधाऱ्याने अडवलेलं, जागच्या जागी असायचं आणि मला वाटायला लागलं होतं की जमतंय. आज वरून, कोयनेकडून सोडलेलं पाणी आलंय. हरिपूरच्या घाटापाशी कृष्णामाईला ओढ लागलीय आणि पलीकडून वारणा येऊन तिला ढकलतेय. संगमेश्वरा, हात जोडायचे होते, पण एका हातात वल्हं आहे आणि दुसऱ्यात होडीची दोरी. तशीच ऐकून घे माझी हाक.

मला बुडू देऊ नकोस.

मी कुपवाडची. आमच्याकडे नदी नाही, कंपन्यांची धुराडी आहेत, माळ आहे, आणि हीच कृष्णा नळातून येते, तीही तिच्या वेळेने. घागर भरताना तिची कधी भीती वाटली नाही. महाबळेश्वरहून निघून ती बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर जाते, असं पोरांच्या पुस्तकात वाचलं. मला त्यातलं या काठापासून त्या काठापर्यंतचं पाणी दे. तेवढ्यानं माझं भागेल.

आधी मी तुझ्याकडे सरळ जाणं मागत होते. एकट्याच्या कॅनोत वल्हं एक, त्याला पातंही एकच. उजवीकडे ओढलं की होडीचं तोंड डावीकडे वळतं. पुन्हा ओढलं की आणखी वळतं. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरानची पोरं शर्यतीच्या होडीत बसतात तेव्हा दोन्ही बाजूंना वल्ही पडत असतात, एकाचं वळण दुसरा सावरतो. माझ्या डाव्या बाजूला कोणी नाही. मग आबांनी शिकवलं. वल्हं मागे आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली करायचा, पातं उभं धरायचं आणि पाण्याला बाहेरच्या बाजूला किंचित लोटायचं. बस, एवढंसं लोटणं, आणि होडी सरळ. ते पहिल्यांदा साधलं तेव्हा मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं होतं, ऐकलं असशीलच. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनीही ऐकलं.

त्या अंगठ्याबद्दल तुझे उपकार. आबांबद्दल तुझे उपकार.

आबा गुळाच्या काहिलीत वल्हवायला शिकले. काहिलीला ना पुढं ना मागं, पाण्यात टाकली की ती गरागरा फिरायलाच बघते. तिच्यात बसून पलीकडच्या मळ्यात जायचं. ज्यानं ती सरळ नेली त्याला माझ्या होडीचं काय कौतुक? पायरीवर बसून ते ओरडतात, ‘पोरी, पान्याशी भांडू नगंस, त्येला तिरकं घे.’ पलीकडे जायचं तर तोंड पलीकडे करायचंच नाही. तोंड धारेकडे, वरच्या अंगाला ठेवायचं, थोडं कलतं, आणि नुसतं जागेवर टिकून राहण्यापुरतं वल्हवायचं. मग धारच होडीला आडवी सरकवत पलीकडे नेते. कल जास्त झाला की मात्र ती तोंडाला धरते आणि गर्रकन खाली फिरवते. किती कलायचं हे सांगता येत नाही म्हणतात, गुडघ्यांना कळतं.

गुडघ्यांना कळू दे, देवा. देवळात मी तुझ्यापुढे मांडी घालून बसते, इथे गुडघे टेकावे लागतात, म्हणजे अंगाचं वजन खाली राहतं. दुखतात. दुखू देत. पण कळू दे.

आता जे मनात आहे ते सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. खडकाच्या आड पाणी उलटं फिरतं, काठासारखं निवांत असतं. तिथून बाहेर, धारेत शिरताना, धार ज्या बाजूला नेते त्याच बाजूला झुकावं लागतं. माझं अंग ऐकत नाही. ते धारेपासून दूर, वरच्या अंगाला झुकतं. आणि तसं झुकलं की वरून येणारं पाणी होडीची तीच कड पकडतं, दाबतं, आणि होडी पालथी. हे मला तोंडपाठ आहे. तरी धार दिसली की अंग मागे जातं. घरातही मी अशीच आहे, संगमेश्वरा. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी स्वयंपाकघरातले डबे घासत बसले होते. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे माझी पाठ असते. आणि तुला हाक मारते तीही होडी कलल्यावरच. उलट्या पाण्यात निवांत असताना तू माझ्या ध्यानातही नसतोस.

मला धारेकडे झुकव.

जबरदस्तीनं नको. खांद्याला बोट लाव, एवढं पुरे.

आणि मगरी. हसू नकोस. नदीच्या वरच्या अंगाला, भिलवडी-औदुंबरकडे त्या आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याही तुझ्याच, त्यांना उन्हात सुखानं पडू दे, त्यांच्या वाळूवर. मला त्यांच्याबद्दल राग नाही, फक्त ओळख वाढवायची नाही.

मी हे कशाला शिकते, असं घरचे विचारतात. त्यांना हसून सांगते, व्यायाम. तुला खरं सांगते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. सांगलीवाडीची माझी नणंद पोरांना घेऊन आमच्याकडे कुपवाडला होती. माळावर असल्याचं सुख मला तेव्हा कळलं आणि त्या सुखाची लाजही वाटली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. आमच्या टीव्हीसमोर पोरं गप्प बसली होती. त्या बोटीतल्या सगळ्यांना मी रोज तुझ्यापुढे ठेवते. नावं माहीत नाहीत, तुला माहीत आहेत. मी कोणाला वाचवेन असं म्हणत नाही, देवा, एवढी मोठी मी नाही. पण कधी माझ्या होडीत दुसऱ्याचं लेकरू बसायची पाळी आली, तर त्या दिवशी हात थरथरू नयेत. म्हणून आज थरथरू देत. आज पोटभर थरथरू देत.

आणि ज्या दिवशी नदी माझी नाही, त्या दिवशी मला घरीच बसव. पाणी गढूळ झालं, वरून लाकडं वाहून यायला लागली, की माझी हौस काढून घे. आबा ‘आज न्हाई’ म्हणाले की मला त्यांच्याशी वाद घालू देऊ नकोस.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. ते धार डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतात आता. त्यांचं ऑपरेशन दिवाळीआधी होऊ दे, त्यांच्या लेकाला तेवढी रजा मिळू दे. सासूबाईंच्या पायाला जोर दे. माझी दुसरी पाळी तीनला लागते, त्याआधी मला या काठाला परत आण; त्या काठाला नेलंस तर बसचे पैसे होडीत ठेवलेत, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.