सोंगातला माणूस

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची बडोद्याहून बेळगावास आली, ती फराळाच्या डब्याबरोबर छापील चार पाने घेऊनच. अद्भुतकथांचा नाद असलेल्या तिच्या मित्रमैत्रिणींचे एक मंडळ आहे. आग ओकणारे सर्प, शापित राजपुत्र, चेटकिणी, हजार वर्षे जगणारे रानातले लोक, ही त्या मंडळाची दैवते. मंडळाने एक दिवसाचे संमेलन भरवावयाचे ठरविले होते, आणि येणाऱ्याने आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून यावे अशी योजना होती. "मामा, नियम तेवढे कायद्याच्या भाषेत बसवून द्या," असे म्हणून तिने ती पाने माझ्यापुढे ठेवली.

वीस वर्षे वकिली केलेला मनुष्य अशा वेळी काय करतो ते सांगावयास नको. मी शेवटी एक कलम जोडले : 'प्रत्येक सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर वेष धारण करील व त्यामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही प्रसंगास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' कलम चोख होते. भाचीने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "ह्यात आम्ही सुटलो, मामा. पण सोंगाच्या आत जो माणूस आहे, त्याचं काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. पुढे बरेच दिवस तो मनात राहिला, आणि ही संमेलने कशी चालतात याची माहिती मी जमवू लागलो.

ह्या प्रथेचा उगम अमेरिकेतला. १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे दोनशे लोक जमले होते. त्यांत लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट ॲकरमन नावाचा तरुण आणि त्याची सहकारी मर्टल डग्लस ही दोघेच भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून वावरत होती. १९३६ साली निघालेल्या, एच. जी. वेल्सच्या कल्पनेवर आधारलेल्या एका चित्रपटावरून तो पोशाख सुचला होता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांचा रीतसर कार्यक्रम झाला, आणि तेव्हापासून तो ह्या संमेलनांचा भाग होऊन बसला. वेष आणि खेळ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून जपानी लोकांनी १९८० नंतर 'कॉस्प्ले' हा शब्द घडविला, आणि २०११ साली दिल्लीत अशाच धर्तीचा मेळावा भरल्यापासून तो आपल्याकडील तरुणांच्याही तोंडी रुळला.

बाहेरून पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता. परंतु भाचीने चिलखत करताना पाहिले तेव्हा ते मत मला सोडावे लागले. प्रथम अंगाला कागद गुंडाळून मापे घ्यावयाची. त्यांवरून फोमचे तुकडे कापावयाचे. गरम हवेच्या यंत्राने त्यांना बाक द्यावयाचा. डिंकाचा वास डोक्यात जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवावयाच्या. मग रंगाचे थर, आणि शेवटी नव्या पोलादावर जुनेपण यावे म्हणून मुद्दाम काढलेले ओरखडे. दोन महिन्यांच्या रात्री त्यात गेल्या. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे तिला शिरस्त्राणाच्या वेळी कळले. ते अखेर माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातील एका जुन्या पातेल्याच्या साच्यावर झाले.

संमेलन भरविणाऱ्यांचे काम याहूनही बारकाव्याचे. शिरस्त्राण घातलेल्यास पायाखालचे दिसत नाही, म्हणून रंगमंचाच्या पायऱ्यांशी हात देणारे मदतनीस ठेवावे लागतात. पंख आणि शेपट्या दारातून जात नाहीत, म्हणून दाराची रुंदी आधी कळवावी लागते. कोणाची तरी शिवण आयत्या वेळी उसवतेच, म्हणून पडद्यामागे सुईदोरा, टाचण्या आणि डिंक घेऊन कोणीतरी बसावे लागते. तलवार म्यानातून निघू नये म्हणून दाराशीच ती फितीने बांधून टाकण्याचा प्रघात आहे.

यांतील पुष्कळसे नियम कोणी विचार करून आधी लिहिले नाहीत. प्रत्येकामागे एक फजिती आहे. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या जागतिक संमेलनात एका व्यंगचित्रकाराने आपल्याच चित्रकथेतील एका किळसवाण्या पात्राचे सोंग घेतले, आणि त्यासाठी सर्वांगाला शेंगदाण्याचे लोणी फासले. दिव्यांच्या उष्णतेने त्याला दर्प सुटला, ते खाली गळू लागले, आणि शेजारच्यांनी महिनोन् महिने खपून केलेले पोशाख खराब झाले. तेव्हापासून 'शेंगदाण्याचे लोणी वर्ज्य' हा नियम वेषस्पर्धांत रूढ झाला. आज तो थट्टेने सांगितला जातो, पण पाळला जातो. आमच्या कायद्याची घडणही अशीच असते. एखादे कलम वाचून हसू आले तर समजावे, की पूर्वी कोणीतरी त्यापायी रडलेले आहे.

आता मूळ प्रश्न. मनुष्य दुसऱ्याचे रूप घेतो तेव्हा त्याचे स्वतःचे असे काय शिल्लक राहते?

कायद्याने ह्याचा एका बाजूने विचार केला आहे. सरकारी नोकराचा गणवेश दुसऱ्या कोणी अंगावर चढविला एवढ्याने गुन्हा होत नाही; आपण खरोखरच तो नोकर आहो असे लोकांस वाटावे या हेतूने, किंवा तसे वाटण्याचा संभव आहे हे जाणून चढविला, तर होतो. जुन्या दंडसंहितेचे १७१ वे कलम हेच सांगत होते, आणि २०२४ च्या जुलैपासून अंमलात आलेल्या न्याय संहितेतही तो विचार कायम आहे. आपल्या भाषेने तर हा भेद केव्हाच करून ठेवला आहे : एक सोंग आणि दुसरे ढोंग. सोंगात पाहणारा आणि दाखविणारा दोघांनाही ठाऊक असते की आत दुसरेच कोणी आहे. ढोंगात ते एकालाच ठाऊक असते. सोंगाचा सगळा आनंद त्या सामायिक जाणिवेवर उभा आहे; राक्षसाकडे पाहून आपण दचकतो, आणि त्याच वेळी त्याने भुवया किती बेमालूम चिकटविल्या आहेत याचे कौतुकही करतो.

ही जाणीव जेथे सुटते तेथे अनर्थ सुरू होतो, आणि ती दोन्हीकडून सुटू शकते.

पाहणाऱ्याकडून सुटते तेव्हा त्याला समोर केवळ पात्र दिसते. योद्ध्या राणीचा तोकडा पोशाख केलेली मुलगी दिसताच तो न विचारता तिच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्र काढून घेतो, पंख ओढून पाहतो, तोंडाला येईल ते बोलतो. हटकले तर उत्तर तयार असते : लोकांनी पाहावे म्हणूनच तर ती अशी आली ना? अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०१४ साली न्यूयॉर्कच्या कॉमिक संमेलनाने जागोजाग फलक लावले. वेष केला म्हणजे संमती दिली असे नव्हे, हा त्यांचा आशय. इतकी उघड गोष्ट फलकावर लिहावी लागावी, ह्यात त्या मेळ्याची जेवढी नामुष्की आहे तेवढीच, मला वाटते, त्याची प्रामाणिकताही आहे.

त्या उत्तरात एक चलाखी आहे, आणि ती आम्हां वकिलांच्या परिचयाची आहे. जो आपण होऊन धोका पत्करतो त्याला त्या धोक्याबद्दल दाद मागता येत नाही, असे एक जुने तत्त्व आहे. परंतु त्या तत्त्वालाही सीमा आहे. हौद्यात उतरलेल्या पैलवानाने धोबीपछाड पत्करलेली असते, सुरीचा वार पत्करलेला नसतो. वेष करून आलेल्या मनुष्याने पाहणे पत्करले आहे, फार तर टीकाही पत्करली आहे. स्पर्श पत्करलेला नाही. पाहण्याचे आमंत्रण आणि हात लावण्याची मुभा यांच्यामध्ये एक प्रश्न विचारण्याइतके अंतर असते, आणि सभ्य मनुष्य तो प्रश्न विचारतो.

जाणीव दुसऱ्या बाजूनेही सुटते. दुष्टाचे सोंग घेतलेला तरुण दोनचार जणांना धक्के देतो, एखाद्या लहान मुलास रडेपर्यंत भिववितो, आणि म्हणतो, "हे मी केलं नाही, माझ्या पात्रानं केलं." मुखवट्याला हात नसतात. धक्का देणारा हात ज्याचा, त्याचीच ती कृती. आश्चर्य असे की पहिल्या प्रकरणातला मनुष्य आणि हा तरुण, दोघांचा युक्तिवाद एकच आहे : सोंगाच्या आत कोणी नाही. एकाला समोरच्याचा मान नाकारण्यासाठी तो हवा असतो, दुसऱ्याला स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी.

आणि मग माझ्या लक्षात आले की माझ्या त्या चोख कलमातही तिसऱ्यांदा तेच म्हटले होते.

आपल्याकडे दशावताराच्या रात्री हे पाहावयास मिळते. तळकोकणात आणि गोव्यात प्रेक्षक देवाच्या वेषातील नटाला हात जोडतो, आणि पहाटे तोच नट तोंडावरचा रंग पुसून चहा पीत बसला की त्याच्याशी नावाने बोलतो. दोन्ही वेळी तो खराच वागतो. तथापि आपल्या परंपरेचा फार अभिमान मिरवू नये. स्त्रीपात्र करणाऱ्या नटांची जी कुचेष्टा आपल्याकडे होत आली, तिला तोड नाही. हात जोडणारे आणि शीळ घालणारे एकाच जाजमावर बसलेले असत.

सोंगातला माणूस विसरला जाण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत चटका लावून गेला. १९३९ च्या त्या पोशाखांचे श्रेय पुढे कितीतरी वर्षे ॲकरमनच्याच नावावर जमा होत राहिले. तो २००८ पर्यंत जगला, बोलका होता, प्रसिद्ध होता. पण ते पोशाख शिवले होते मर्टल डग्लसने. त्याचाही आणि स्वतःचाही. ती १९६४ साली वारली. जिने हे सारे हातांनी घडविले तिचे नाव ह्या प्रथेच्या आरंभाशी जोडले जाऊ लागले ते पुष्कळ उशिरा. इथे कोणी कोणाला फसविले नाही, धक्का दिला नाही, एकाही नियमाचा भंग झाला नाही. लोकांनी झगा पाहिला, झगा घातलेला पाहिला, आणि टाका घालणारी पाहावयाची राहिली.

आज चांगल्या वेषस्पर्धांच्या अर्जात तीन निरनिराळी नावे विचारतात : कल्पना कोणाची, शिवण कोणाची, आणि अंगावर कोण घालणार. परीक्षक पडद्यामागे जाऊन अस्तर उलटवून पाहतात. नवशिक्याला कसलेल्या कारागिराशी झुंजावे लागू नये म्हणून त्यांचे वर्गही वेगळे असतात. हा अर्ज ज्यांनी आखला त्यांना मर्टल डग्लसची आठवण होती की नाही हे मला सांगता येणार नाही, पण तो वाचताना मला तिचीच आठवण झाली.

मी माझे कलम काढून टाकले. अपघात झाल्यास कोण काय करील, तक्रार कोणाकडे न्यावी आणि ती ऐकणाऱ्याने त्याच दिवशी काय करावे, हे त्या जागी लिहिले. मजकूर वाढला, आणि आयोजकांच्या डोक्यावर पूर्वी नसलेले ओझे आले. एखाद्या पक्षकाराला मी हा मसुदा दिला असता तर त्याने वकील बदलला असता. भाचीने मात्र तो मंडळाकडून मंजूर करवून घेतला, आणि अर्जात तीन रकाने आखले.

तिचा स्वतःचा अर्ज तिने मला दाखविला. कल्पनेच्या आणि परिधानाच्या रकान्यात तिचे नाव होते. शिवणीच्या रकान्यात तिने आईचे नावही लिहिले होते, कारण झग्याची किनार माझ्या बहिणीने घातली होती. खाली, मदतीची गरज असल्यास लिहा, असे जिथे होते तिथे तिने लिहिले होते : 'शिरस्त्राणातून खालचे दिसत नाही. पायऱ्या उतरताना कोणीतरी हात धरावा. धरण्यापूर्वी सांगावे.'