वचनाचे वारस
(गलतीकरांस पत्र, अध्याय ३)



अब्राहामाचा वृत्तांत मंडळीत वाचला जातो, तेव्हा पुष्कळ साध्या विश्वासणाऱ्यांच्या मनात एक शंका येते. ती ही की, अब्राहाम तर यहुदी लोकांचा मूळ पुरुष. त्याला दिलेल्या वचनांशी आमचा संबंध काय? आमच्या वाडवडिलांस तर या देवाचे नावही ठाऊक नव्हते.

ही शंका नवी नाही. गलतिया प्रांत, जो आज तुर्कस्तानात मोडतो, तेथील मंडळ्यांत परराष्ट्रीय लोकांचा भरणा होता. पौल तेथून गेल्यावर कित्येक शिक्षक येऊन म्हणू लागले की, सुंता करून नियमशास्त्र पाळल्यावाचून तुम्हांस अब्राहामाच्या घराण्यात जागा नाही. ते नवे विश्वासणारे घाबरले. त्यांस स्थिर करण्याकरिता प्रेषिताने हे पत्र लिहिले.

त्याचे म्हणणे उत्पत्तीच्या पुस्तकावरून पडताळून पाहू. पंधराव्या अध्यायात देवाने अब्रामास आकाशातील तारे दाखवून संततीचे वचन दिले. त्याने विश्वास ठेविला आणि तो विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला गेला. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात आहे. त्या वेळी तो ९९ वर्षांचा होता आणि मध्यंतरी जन्मलेला इश्माएल १३ वर्षांचा झाला होता. म्हणजे निदान १३ वर्षे अब्राहाम सुंता न झालेला असताच नीतिमान गणलेला होता. मोशेचे नियमशास्त्र तर, पौल सांगतो त्याप्रमाणे, ४३० वर्षांनंतर आले. मागून आलेली गोष्ट आधी दिलेल्या वचनाला अट कशी घालील?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी करार करणारे लोक कापलेल्या पशूंच्या दोन भागांमधून चालत जात. पंधराव्या अध्यायात पशू कापून मांडले आहेत, परंतु अब्राम गाढ निद्रेत आहे. त्या भागांमधून धुमसणारी भट्टी व जळती मशाल, ही देवाच्या सान्निध्याची चिन्हे तेवढी जातात. करार पाळण्याचा भार देवाने आपणावर घेतला.

आमच्या मराठी शास्त्रात या वारशास 'वतन' असा शब्द आहे. वतन म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांस सांगणे नलगे. आपल्यांपैकी कित्येकांच्या पूर्वजांकडे महार वतन होते. गावाची रात्रंदिवस चाकरी करावी, तेव्हा जमिनीचा तुकडा व बलुते पदरी पडावे, अशी त्याची तऱ्हा. ते जू हलके व्हावे म्हणून १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणिले. पुढे १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून अशी वतने रद्द केली, हे बरेच झाले. त्या वतनात माणूस पिढ्यान्‌पिढ्या चाकर राही. देवाच्या वतनात आधी पुत्रपण मिळते, आणि सेवा मागून, कृतज्ञतेने होते. शिवाय ते कोणत्याही कायद्याने रद्द होत नाही. सीनाय पर्वतावर दिलेल्या नियमशास्त्रानेही झाले नाही.

मग ते आम्हांस मिळते कसे? पौल म्हणतो, वचन अब्राहामाच्या संतानाला दिले आणि ते संतान ख्रिस्त होय. जो विश्वासाने ख्रिस्ताचा झाला तो त्याच्याबरोबर वारस झाला. दत्तक घेतलेल्या मुलास कोणी विचारीत नाही की, तुझ्या अंगात या घराचे रक्त किती. बापाने त्यास आपले म्हटले, त्याला आपले नाव दिले, म्हणून घर त्याचे. आम्हीही तसेच दत्तक आहो.

यावरून दोन कर्तव्ये निघतात. पहिले हे की, आम्ही यहुदी लोकांस तुच्छ मानू नये. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे आम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, दुसऱ्याच्या मुळावर कलम केलेल्या. फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये.

दुसरे कर्तव्य आपल्या उंबऱ्याच्या आतील आहे. आपल्या कित्येक मंडळ्यांत अजून जुन्या जातीची आठवण बसण्याच्या जागेत, सोयरिकीत व जेवणाच्या पंक्तीत दिसते. अमक्या समाजाचे ख्रिस्ती व तमक्या समाजाचे ख्रिस्ती, अशी भाषा कानी येते. बंधूंनो, हे गलतियातील त्या शिक्षकांचेच शिक्षण आहे. फरक इतकाच की, ते सुंता मागत होते आणि आम्ही कूळ मागतो. एका बापाच्या वतनात धाकटी पाती व थोरली पाती नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी जो प्याला एकाच्या ओठास लागतो, तो दुसऱ्यास चालत नसेल, तर आपण वारसपत्रावरील आपलेच नाव खोडीत आहो.

उपदेशक बंधूंनो, येत्या प्रभुवारी हा अध्याय वाचा आणि ज्यास आजवर दाराशी बसविले गेले त्याला पुढे बोलवा. त्याला सांगा की, अब्राहामास दाखविलेल्या त्या ताऱ्यांत तुझीही गणना होती.

वचन देणारा विश्वासू आहे. त्याची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.