वाजवली की झिजते



गेल्या महिन्यात घरभेटी करताना एका कुटुंबात जुन्या रेकॉर्ड्सचा संग्रह पाहायला मिळाला. घरमालकांचे वडील बोटीवर नोकरीला होते. प्रत्येक फेरीहून येताना ते एखादी रेकॉर्ड आणत. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड. मुलाने त्यात भर घातली. आपल्या कोकणातल्या पावसात बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक रेकॉर्ड पिशवीत घालून कपाटात उभी ठेवलेली. घरातली लेक मला हळूच म्हणाली, "फादर, यातली एकही आम्ही ऐकलेली नाही. पप्पा हात लावू देत नाहीत." वडील हसून म्हणाले, "वाजवली की झिजते, फादर." त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. रेकॉर्डवरच्या बारीक खाचेतून सुई फिरते तेव्हा गाणे उमटते, आणि दर वेळी ती खाच किंचित झिजते. म्हणूनच न वाजवलेल्या रेकॉर्डला बाजारात भाव जास्त. हा छंद पुन्हा वाढतो आहे. मुंबईला काळ्या घोड्याजवळचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झाले तेव्हा पुष्कळांना वाटले, संपले हे सारे. पण अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर प्रथमच, सीडींपेक्षा रेकॉर्ड्स अधिक खपल्या.

मला प्रश्न पडतो तो असा : झिजेल म्हणून कधीच न वाजवलेले गाणे, गाणे उरते का?

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना पाठ असलेल्या स्तोत्राचे उदाहरण घेतले आहे. म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी सारे स्तोत्र आपल्या अपेक्षेत असते. म्हणत जावे तसे ते थोडे थोडे स्मरणात जाते. सरत गेल्याशिवाय गाणे होतच नाही. जो ते सरू देत नाही, त्याच्या हाती तबकडी राहते, गाणे राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनीच वाजवून झिजवल्या असत्या तर मागे काय राहिले असते? हा आक्षेप खरा आहे. गौहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, ते आज आपण ऐकू शकतो याचे श्रेय जपणाऱ्यांना आहे. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. आपल्या संग्रहातील माहिती त्यांनी छापून इतरांना दिली. जपणे हे पाप नव्हे. मात्र त्यांनी जपले ते दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचावे म्हणून.

मालकाने दिलेला पैसा जमिनीत पुरून जसाच्या तसा परत करणाऱ्या दासाची गोष्ट आपण जाणतो. त्याने काही हरवले नव्हते, काही चोरले नव्हते. तरी तो चुकला. त्या कपाटापाशी मला तो आठवला. ज्या लेकीने ती गाणी कधी ऐकलीच नाहीत, ती उद्या त्या रेकॉर्ड्स कशासाठी सांभाळील? वडिलांनी खाच झिजण्यापासून वाचवली, पण वारस गमावला, असे होऊ नये.

दुसऱ्याला हे सांगणे सोपे असते. त्या दिवशी घरी येताना मला आपली चर्चमधली हार्मोनियम आठवली. धर्मशिक्षणाची मुले भाते फाडतील म्हणून मीच ती पेटीत बंद करून किल्ली माझ्या खोलीत ठेवली होती. उघडून पाहतो तर पट्ट्या दमट हवेने चिकटलेल्या. मुलांनी बिघडवली असती त्याहून अधिक ती माझ्या काळजीने बिघडली.

दुरुस्ती झाली आहे. येत्या रविवारपासून किल्ली गायनवृंदाकडे राहील. मिस्सानंतर मुलांनी खुशाल वाजवावी. थोडी झिजेल. आणि त्या पप्पांना माझी एकच विनंती आहे : ख्रिसमसला एक तरी रेकॉर्ड लावा, आणि सुई लेकीला ठेवू द्या.

तुमचा,
फादर