दुर्गाची आगगाडी

पुस्तकांच्या दुकानात कधी कधी एकाच कादंबरीच्या दोन प्रती शेजारी शेजारी दिसतात. एकीवर जुनं मुखपृष्ठ असतं, एखादं रेखाचित्र किंवा नुसती अक्षरं. दुसरी नव्या आवृत्तीची. तिच्यावर चित्रपटातल्या नटाचं छायाचित्र असतं. आतला मजकूर तोच, अक्षरन् अक्षर तोच. पण दुसरी प्रत घेणाऱ्याला पहिलं पान उघडण्याआधीच नायकाचा चेहरा मिळालेला असतो.

असा मिळालेला चेहरा सहजी पुसला जात नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली आला आणि घराघरांत श्यामच्या आईला वनमालाबाईंचा चेहरा लाभला. तो चेहरा सोज्वळ होता, लोकांनी तो मनापासून स्वीकारला. मधल्या वर्षांत ज्यांनी नुसतं पुस्तक वाचलं, त्यांच्या मनातली आई मात्र ज्याची त्याची वेगळी असणार. कुणाच्या आईसारखी, कुणाच्या आजीसारखी. वाचणारा माणूस चेहरे बाहेरून आणत नाही. घरातलेच वापरतो.

आधी पुस्तक वाचावं की आधी चित्रपट पाहावा, असं लोक विचारतात तेव्हा बोलणं लगेच तुलनेवर जातं. काय गाळलं, काय बदललं, कोण सरस. मला या प्रश्नात वेगळंच काही दिसतं. क्रम बदलला की आपल्या वाट्याला येणारी भावनाच बदलते. हे मला ‘पाथेर पांचाली’मुळे कळलं.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ही कादंबरी १९२९ सालची. निश्चिंदिपूर नावाचं बंगालमधलं खेडं, तिथलं एक गरीब ब्राह्मण कुटुंब, दुर्गा आणि अपू ही बहीणभाऊ. दोघांना आगगाडी पाहायची फार ओढ. एकदा दोघं रेल्वेचा रस्ता बघायला रानातून धावत सुटतात, वाट चुकतात आणि तसेच परत येतात. पुढे दुर्गा तापाने अंथरूण धरते. बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील का, असं ती धाकट्या भावाला विचारते. ती बरी होत नाही. पुस्तकातली दुर्गा आगगाडी न पाहताच जाते.

किती लहान मागणं. सोनं नको, लुगडं नको, फक्त रुळावरून जाणारी एक गाडी बघायची. मोठी स्वप्नं अपुरी राहिली तर माणूस नशिबाला बोल लावतो. इतकं लहान मागणं अपुरं राहिलं की बोल कुणाला लावायचा, हेच कळत नाही.

सत्यजित राय या कादंबरीपाशी आले ते चित्रकार म्हणून. १९४०च्या दशकात ते कलकत्त्यात पुस्तकांसाठी चित्रं काढत. ‘पाथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती, ‘आम आँटिर भेंपू’, त्यांच्याकडे चित्रांसाठी आली. चित्र काढणाऱ्याला घाईने वाचून चालत नाही. पोरगी उभी कशी राहील, पदर कसा खोचेल, पाऊस कुठल्या बाजूने येईल, हे सगळं आधी स्वतःशी पाहावं लागतं. ती चित्रं करता करता त्यांच्या मनात चित्रपट रुजला. तो पडद्यावर यायला १९५५ साल उजाडलं. विभूतिभूषण १९५० मध्येच गेले होते. आपल्या दुर्गाला पडद्यावर पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

आणि या चित्रपटात आगगाडी येते.

काशाचं उंच गवत, त्याचे पांढरे तुरे वाऱ्यावर डुलतायत. दुर्गा ऊस चघळत पुढे, अपू तिच्या मागे. तारेचा एक खांब गुणगुणतोय. दुर्गा त्याला कान लावते. मग लांबून आवाज येतो आणि दोघं धावत सुटतात. धावताना ती अडखळते, मागे पडते. गाडी काळा धूर सोडत येते आणि धडधडत निघून जाते. या प्रसंगाचं थोडं चित्रण १९५२च्या ऑक्टोबरात झालं. काही दिवसांनी मंडळी परत तिथे गेली तर गुरांनी काशाचे सगळे तुरे खाऊन टाकले होते. प्रसंग पुरा करायला पुन्हा तुरे येण्याची वाट पाहावी लागली. पुस्तकात जी गाडी आलीच नाही, तिच्यासाठी एक माणूस गवत वाढेपर्यंत थांबला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता क्रमाकडे येऊ.

ज्याने आधी पुस्तक वाचलं आहे, तो हा प्रसंग पाहताना हलून जातो. त्याच्या मनात ते अपुरं मागणं सलत असतं. पडद्यावर धूर दिसतो आणि त्याला वाटतं, चला, कुणीतरी हिची गाडी हिच्या डोळ्यांसमोर आणली. आपल्याच घरातलं जुनं देणं दुसऱ्या कुणी फेडावं, तसं ते असतं. आनंद होतो, आणि त्या आनंदानेच गळा दाटतो.

ज्याने आधी चित्रपट पाहिला आहे, त्याचं उलट होतं. दुर्गाचं मरण त्याला ठाऊक असतं, पण आगगाडीची आठवण सोबत असते. मग तो कादंबरी उघडतो. पानामागून पान उलटतो, आता गाडी येईल, मग येईल. गाडी येत नाही. दिलेलं काढून घेतल्यासारखं होतं. पुढे अपू गाव सोडतो, स्वतः आगगाडीत बसतो, आणि मागे राहिलेली बहीण त्याला आठवते. तिथे या वाचकाचं दुःख इतरांपेक्षा खोल जात असेल. तिला गाडी दिसू शकली असती, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

गोष्ट एकच, मरण एकच. एका क्रमात हातात काही पडतं, दुसऱ्या क्रमात हातचं जातं.

आणि चित्रपट एकदा मनात बसला की तो पुस्तकाचीही वाट वळवतो. क्लार्क आणि मुखर्जी यांचा इंग्रजी अनुवाद १९६८ सालचा. मूळ कादंबरी कुटुंबाबरोबर काशीपर्यंत जाते. हा अनुवाद मात्र गाव सोडण्यापाशी थांबतो, चित्रपट थांबतो तसा. तोच वाचणाऱ्याला पुढचं सगळं परकंच राहतं.

मला कुणी विचारलं तर मी आधी पुस्तक म्हणेन. नियम म्हणून नव्हे. उणीव आधी आपली व्हावी लागते. जे कधी हवंसं वाटलं नाही, ते मिळाल्याचं सुख कुठून असणार? दुर्गासाठी काही दिवस आपल्यालाही ती आगगाडी हवी असायला हवी. शब्द हे काम करू शकतात, कारण ते दाखवत नाहीत, वाट बघायला लावतात.

पण ज्यांचा क्रम उलटा झाला, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुष्कळांना चित्रपटानेच पुस्तकाच्या दारापर्यंत आणलेलं असतं. गोष्ट कळली, आता वाचून काय करायचं, एवढं मात्र म्हणू नये. गोष्ट कळणं वेगळं आणि गोष्टीतल्या माणसांसाठी काही मागणं वेगळं.

आपल्या घरातही कुणाचं तरी एक साधं मागणं असतं. एखादं गाव पाहायचं असतं, एखाद्या मैत्रिणीला भेटायचं असतं. ते एकदाच, सहज बोलून दाखवलेलं असतं आणि आपण हो म्हटलेलं असतं. पुस्तकातली राहिलेली गोष्ट पुढे एखादा दिग्दर्शक पुरी करतो. घरातली राहिलेली गोष्ट आपल्यालाच करावी लागते, आणि मागणारं माणूस समोर आहे तोवरच.