शंकासमाधान : पबमध्ये मुले आणि कुत्री

शंका : इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने मुलाबाळांसह पबमध्ये जेवायला जाणे धर्माला धरून आहे काय? जेथे मद्य विकले जाते, तेथे नुसते बसल्यानेही दोष लागतो काय?

समाधान : दारू मिळणारी जागा म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे परमिट रूम, म्हणजे सरकारी परवान्यावर चालणारी, बहुधा पुरुषांनीच भरलेली आणि रस्त्यावरून आतले काही दिसू नये अशी बेताने झाकलेली खोली उभी राहते, आणि या शंकेमागचा संकोच पुष्कळसा त्या चित्रातून आलेला असतो. इंग्लंडमधील पबला मद्यविक्रीचा परवाना असला, तरी तो पुष्कळ ठिकाणी गावाच्या बैठकीची जागाही असतो; रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग यांच्या जेवणासाठी तेथे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका टेबलाभोवती बसतात आणि त्यांतील काही जण मद्याला स्पर्शही करीत नाहीत.

शास्त्राचा आधार पाहायचा तर मनुस्मृतीने सुरापानाला महापातकांत गणले आहे आणि महापातक्याशी संसर्ग, म्हणजे त्याच्यासह बसणे-उठणे, जेवणे असा निकटचा सहवास, वर्षभर ठेवणाऱ्यालाही पतित मानले आहे. श्रद्धावंतांच्या मनातील भीतीचे मूळ येथे आहे. परंतु कलियुगासाठी सांगितलेली म्हणून मानली जाणारी पराशरस्मृती असा भेद करते की, कृतयुगात पतिताशी बोलल्याने, त्रेतायुगात त्याच्या स्पर्शाने आणि द्वापरयुगात त्याचे अन्न घेतल्याने पातित्य येत असे, कलियुगात मात्र ते स्वतःच्या कर्मानेच येते. तेव्हा शेजारच्या टेबलावर कोणी बिअर पीत आहे, एवढ्यावरून जेवणाऱ्या कुटुंबाला दोष लागत नाही. ज्यांच्या घरी कडक व्रत आहे, त्यांनी न जाणे हेही तितकेच योग्य होय आणि त्यासाठी कोणी त्यांना मागासलेले म्हणू नये.

शंका : मुलांना पबमध्ये नेल्याने त्यांच्यावर वाईट संस्कार होत नाहीत काय? त्यांना बाहेरच ठेवणे अधिक बरे नव्हे काय?

समाधान : बाहेर ठेवण्याचा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आहे. 1908 च्या बालकविषयक कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना मद्यगृहाच्या बारमध्ये, म्हणजे जेथे पेये विकली व प्यायली जातात त्या भागात, येण्यास मनाई केली. हेतू निःसंशय चांगला होता, कारण तान्ह्या मुलांना धुरात आणि दारूच्या वासात तासन्‌तास बसवले जात असे. पण आईबाप आत जायचे थांबले नाहीत, आणि मुले दाराबाहेरच्या पायरीवर, थंडीवाऱ्यात, त्यांची वाट पाहत बसू लागली. मुलाला दूर केले आणि पिणाऱ्याला मोकळे सोडले, तर रक्षण कोणाचेच होत नाही, हे त्या पायरीवर उघड झाले.

इंग्लंड व वेल्समध्ये नोव्हेंबर 2005 पासून लागू असलेल्या 2003 च्या परवाना कायद्यानुसार जी जागा मुख्यतः मद्यपानासाठीच आहे, तेथे 16 वर्षांखालील मुलाबरोबर प्रौढ व्यक्ती असावी लागते. त्यापलीकडे मुलांना घ्यायचे की नाही आणि किती वाजेपर्यंत, हे मालक ठरवतो. इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झाले, तेव्हा या जागा लहान मुलांना श्वास घेण्याजोग्या झाल्या. 2003 च्या त्याच परवाना कायद्यात 16 व 17 वर्षांच्या मुलाला, सोबत प्रौढ असताना आणि जेवणाबरोबर, प्रौढाने विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर घेण्याची मुभा आहे. ती आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही, आणि मराठी पालकांनी येथे आपल्या घरची रीत निःसंकोच पाळावी.

संस्कार होतात ते भिंतींमुळे नव्हे, तर सोबतच्या माणसांमुळे. बाप एक ग्लास घेऊन थांबतो आणि गप्पांत मुलाला सामील करून घेतो, हे पाहणारे मूल संयम पाहते. तोच बाप तिसऱ्या ग्लासानंतर आवाज चढवू लागला, तर मूल तेही पाहते, आणि ते घरच्या दिवाणखान्यात घडले तरी परिणाम तोच होतो. मुलांना न्यावे ते दिवसाउजेडी, जेवणासाठी, टेबलापाशी, काउंटरजवळ नव्हे. संध्याकाळनंतर तेथे एकटी माणसे दिवसभराचा शीण घालवायला येतात, आणि त्यांच्या शांततेचाही मान राखला पाहिजे.

शंका : कुत्र्याला जेवणाच्या जागी नेणे शुचितेला सोडून नाही काय?

समाधान : इंग्लंडमधील अन्नविषयक नियम प्राण्यांना स्वयंपाकघरापासून, म्हणजे अन्न शिजवण्याच्या व साठवण्याच्या जागेपासून, दूर ठेवायला सांगतात; बसण्याच्या दालनात कुत्र्याला येऊ देणे मालकाच्या मर्जीवर आहे, मात्र अंध वा अपंग व्यक्तीच्या साहाय्यक कुत्र्याला 2010 च्या समानता कायद्यामुळे सहसा अडवता येत नाही. पुष्कळ पबच्या दाराशी कुत्र्यांसाठी पाण्याचे भांडे आणि काउंटरवर बिस्किटांची बरणी ठेवलेली असते. शुचितेची बाब अशी की, श्वानस्पर्श अशुद्ध मानणारी परंपरा दत्ताच्या पायाशी चार कुत्री पूजते आणि वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी अन्नाचा वाटाही काढून ठेवते.

या शंकेचे खरे उत्तर महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, असे इंद्राने सांगितले, तेव्हा युधिष्ठिराने नियम बदलण्याचा हट्ट धरला नाही; आपल्यावर विसंबलेल्या सोबतच्या कुत्र्याचा त्याग करण्यापेक्षा आपण स्वर्गाच्या रथात चढणार नाही, एवढेच तो म्हणाला. पबच्या दारावर कुत्र्यांना मनाई लिहिली असेल, तर मालकाशी वाद घालणे किंवा कुत्र्याला उन्हात तापलेल्या गाडीत कोंडून स्वतः आत जेवणे, हे दोन्ही त्या आचरणाच्या विरुद्ध आहे. अशा वेळी बाहेरच्या बागेतील बाकावर त्याच्यासह बसावे किंवा दुसरीकडे जावे. प्रवेश असेल तेथे साखळी आखूड धरावी, कुत्र्याला वाटेत आडवे पडू देऊ नये आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडे जाऊ देऊ नये. भारतात वाढलेल्या अनेकांना भटक्या कुत्र्यांची आणि रेबीजची भीती लहानपणापासून असते, तिला हसण्यात अर्थ नाही. आणि एखादे मूल कुत्र्याला पाहून भेदरले, तर उठून दुसऱ्या टेबलावर जाण्याचे काम कुत्रा आणणाऱ्याचे आहे, मुलाच्या आईचे नव्हे.