सायरनचा आवाज आणि वाटसरूचा हक्क

शाबान महिन्यातील एका संध्याकाळी, मगरिबची नमाज आटोपल्यावर, आमच्या जमातीच्या रुग्णवाहिकेचा चालक मशिदीच्या ओट्यावर माझ्यापाशी येऊन बसला. वय पंचविशीचे, स्वभावाने अबोल, नमाजचा पाबंद. चार दिवसांपूर्वी छातीत कळ आलेल्या एका गृहस्थांना त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेत पोहोचवले होते आणि अल्लाहच्या कृपेने ते बचावले. मात्र जाताना बाजारपेठेच्या तिठ्यावर एक अपघात घडला होता. सायरन ऐकून एस.टी. थांबली होती. तिच्या आडून भाजीची पाटी घेतलेली एक वृद्ध बाई रस्ता ओलांडत होती. एस.टी. आपल्यासाठीच थांबली, असे तिला वाटले असावे. रुग्णवाहिकेचा पुढचा कोपरा तिला लागला आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. चालक तेथे थांबला नाही, कारण आत रुग्ण होता. त्याने धावत्या गाडीतून जमातीच्या सेक्रेटरींना फोन करवला, त्यांनी माणसे पाठवून बाईंना दवाखान्यात नेले. परतल्यावर तो स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन सर्व हकिगत सांगून आला होता.

“मौलाना, मी गुन्हेगार आहे का?” एवढेच त्याने विचारले.

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “तुझी नियत साफ होती. अल्लाह नियत पाहतो.” त्याचा चेहरा उजळला, सलाम करून तो निघून गेला. झोप उडाली ती माझी. त्याला दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते आणि दीनच्या बाबतीत अर्धे उत्तर देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

नियतीचा संबंध गुनाहशी आहे, अर्थात बंदा आणि त्याचा रब यांच्यातील हिशेबाशी आहे. त्या बाईचे मोडलेले हाड हा निराळा हिशेब आहे, आणि तो हक्कुल इबादच्या वहीत लिहिला जातो. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये चुकून घडलेल्या हत्येचा हुकूम आला आहे. तेथे मारणाऱ्याचा इरादा मुळीच नाही, हे गृहीत धरलेले आहे. तरीही मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते आणि कफ्फाराही अदा करावा लागतो. शरीअतने इराद्याला सर्वस्व मानले असते, तर या आयतीचे प्रयोजनच उरले नसते.

आता आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, ते पाहू. 2017च्या वाहनचालन नियमावलीने अग्निशामक, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या वाहनांना तातडीच्या प्रसंगी काही सवलती दिल्या आहेत. लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादा मोडता येते, एकेरी मार्गावर उलट्या दिशेनेही जाता येते. मात्र योग्य ती काळजी आणि जबाबदारी पाळण्याच्या अटीवर. तातडी नसेल, तर दिवा आणि सायरन वापरण्यास मनाई आहे. दुसरीकडे, अशा वाहनाला वाट न देणाऱ्यास 2019च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वाट द्या, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. सवलतीला जोडलेली अट मात्र कोणी ऐकलेली दिसत नाही. चालकाला ठाऊक नव्हती आणि खरे सांगायचे तर त्या संध्याकाळपर्यंत मलाही नव्हती.

फिक्हच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मजबुरीत निषिद्ध गोष्टीची मुभा मिळते आणि ती मुभा मजबुरीच्या मापाएवढीच असते, हे दोन नियम आपण मदरशात जोडीनेच शिकतो. भुकेने मरणाऱ्याला मुर्दार खाण्याची इजाजत आहे, पोटभर मेजवानीची नाही. येथपर्यंत सर्वांना मान्य असते. उस्मानी खिलाफतीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेच्या 33व्या कलमात मात्र याच्या पुढचा एक नियम आहे आणि लोक नेमका तोच विसरतात. त्याचा आशय असा, की एकाच्या मजबुरीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. उपासमारीने व्याकूळ झालेल्या माणसाने परक्याची भाकरी खाल्ली, तर तो गुनाहगार नाही, पण भाकरीची किंमत त्याच्यावर बाकी राहते. जान वाचवणे फर्ज होते हे खरे, तरी ज्याची भाकरी गेली त्याने काय म्हणून सोसावे?

माझे एक मित्र, जे स्वतः आलिम आहेत, त्यांनी फोनवर मला अडवले. त्यांचे म्हणणे असे, की त्याच मजल्लाच्या 91व्या कलमात उलट नियमही आहे. शरीअतने ज्या कृतीची परवानगी दिली, त्या कृतीतून झालेल्या नुकसानीची भरपाई लागू होत नाही. आपल्या जमिनीत रीतसर विहीर खणली आणि कोणाचे जनावर तीत पडले, तर मालकावर काही नाही. मग ज्या चालकाला शरीअत आणि कायदा, दोघांनीही वेगाची परवानगी दिली, त्याच्यावर बोजा कसा? शिवाय तुम्ही त्याला भरपाईची भीती घातलीत, तर उद्या तो गाडी हळू हाकेल आणि आतला रुग्ण दगावेल. एक जीव वाचवणे म्हणजे अखिल मानवजातीला वाचवणे, ही शिकवण आपली आहे ना?

आक्षेप हलका नव्हता. मी दोन दिवस किताबे चाळली. उत्तर मिळाले ते जनावरांच्या प्रकरणात. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांची ‘हिदाया’ सांगते, की सार्वजनिक रस्त्याने जाणे जाइज आहे, पण इतरांच्या सलामतीच्या शर्तीवर. आपल्या जमिनीत खणलेली विहीर आणि सर्वांचा रस्ता, यांत हाच फरक आहे. जमीन मालकाची असते, रस्ता मात्र त्या भाजीवाल्या बाईचाही असतो. म्हणून तेथील परवानगी अटीसह जन्माला येते, आणि अट तुटली की 91व्या कलमाची ढाल उरत नाही. पुढे ‘हिदाया’ बारकाव्यात शिरते. स्वाराच्या जनावराने कोणाला तुडवले, डोक्याने धडक दिली किंवा चावा घेतला, तर स्वार जबाबदार. चालता चालता मागच्या पायाने लाथ झाडली किंवा शेपटी मारली, तर नाही, कारण चालत्या जनावराच्या मागच्या लाथेपासून बचाव करणे स्वाराच्या हाती नसते. कोकणातील आमची जमात शाफई आहे. इमाम नववी यांच्या ‘मिन्हाज’मधील मत याहून कडक आहे: जनावरासोबत जो आहे, तो त्याने केलेल्या नुकसानीचा दिवसा-रात्री जामीन आहे.

आता तिठ्यावरचा प्रसंग या कसोटीवर ठेवा. थांबलेल्या एस.टी.च्या आडून माणूस बाहेर येऊ शकतो, हे कोकणात गाडी हाकणाऱ्या कोणालाही कळते. तेथे वेग कमी केला असता तर चार-पाच सेकंद गेले असते. पुढे मोकळ्या रस्त्यावर ते भरून काढता आले असते. हा मागच्या पायाची लाथ होण्याचा प्रकार नव्हे. रुग्णाच्या जिवाविषयीची माझ्या मित्रांची चिंता रास्त आहे, परंतु तिठ्यावर हळू होणारा चालक रुग्णाला मारत नाही. उलट ज्या गाडीचा अपघात होतो, ती रुग्णालयात पोहोचतच नाही.

हज्जतुल विदाच्या प्रसंगी अरफातहून परतताना प्रेषित (स.) यांच्यामागे लोक उंटांना मारत, ओरडत घाई करू लागले होते. आपण (स.) चाबकाने इशारा करून त्यांना शांत राहण्यास सांगितले आणि पुण्य घाईगर्दीत नसते, हे समजावले. त्याच प्रवासाबद्दल ह. उसामा (रजि.) सांगतात, की आपली (स.) चाल मध्यम असे आणि मोकळी जागा मिळताच ती वेगवान होत असे. दोन्ही रिवायती सहीह बुखारीत आहेत. रुग्णवाहिकेच्या चालकाला याहून नेमके प्रशिक्षण कोणते देता येईल, मला सुचत नाही.

पोलिसांच्या गाड्यांविषयी लिहिताना हात जरा आखडतो. परंतु पोलिसी सत्तेविषयी सर्वांत मोठा दाखला खुद्द अमीरुल मोमिनीनच्या दरबारातला आहे. ह. उमर (रजि.) यांनी एका स्त्रीला चौकशीसाठी बोलावणे धाडले. उमर यांचे बोलावणे, या धसक्यानेच तिला वाटेत कळा सुरू झाल्या आणि मूल दगावले. सल्ला विचारला असता काही सहाबी म्हणाले, की आपण शिस्त राखणारे शासक आहात, आपल्यावर काही नाही. ह. अली (रजि.) गप्प होते. त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, की यांनी आपली मर्जी राखण्यासाठी हे मत दिले असेल तर त्यांनी आपला घात केला; दियत आपल्यावर आहे. ह. उमर (रजि.) यांनी ते मानले. बोलावणे कायदेशीर होते, हेतू नेक होता, हात कोणी लावला नव्हता. तरीही सत्तेच्या दहशतीतून जे घडले, त्याची भरपाई सत्तेवर आली.

गुन्हेगाराच्या मागे धावणारी पोलीस जीप भर बाजारातून जाते, तेव्हा रस्त्यावरच्या पोराबाळांच्या जिवापेक्षा तो पळणारा चोर मोलाचा आहे का, हा प्रश्न चालकाने स्वतःला विचारला पाहिजे. चोर उद्याही पकडता येतो. आणि ज्या जीपला कोठेच पोहोचायचे नसते, ती दिवा लावून उलट्या दिशेने चहाच्या टपरीपर्यंत येते, हे तर आपण रोज पाहतो. मोटार वाहन कायद्यात 2019मध्ये 210 ब हे कलम आले. कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट आहे. अधिकार मोठा तर पकड मोठी, हा विचार आपल्याला परका नाही. 1 मे 2017पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण मय्यत पोहोचवून रिकामी परतणारी आपली रुग्णवाहिका जुम्याची जमात चुकू नये म्हणून सायरन वाजवते, तेव्हा आपण तिला टोकत नाही. त्या सायरनने बाजूला सरणारा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून सरतो. त्याची ही फसवणूक आहे, आणि पुढच्या वेळी तो सरला नाही, तर आतल्या रुग्णाचे काय होईल, याचाही विचार व्हावा.

मी चालकाला पुन्हा बोलावले आणि पहिले उत्तर मागे घेतले. “तू गुनाहगार नाहीस, असे मला वाटते, निर्णय अल्लाहचा. पण बाईंचे देणे आहे.” तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, “महिना बारा हजार मिळतात, मौलाना. किती देऊ?” या प्रश्नापुढे मी ओशाळलो, कारण ते देणे त्याच्या एकट्याचे नव्हतेच. चुकून घडलेल्या इजेची दियत शरीअतने एकट्या माणसावर टाकलेली नाही. त्याची आकिला, म्हणजे त्याच्या पाठीशी उभा असलेला समूह, ती वाटून घेतो. गाडी जमातीची, चालक जमातीचा, सवाबही सगळ्या जमातीने घेतला.

जमातीच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा एका सदस्याने विचारले, बाई आपल्यापैकी आहेत का? मी म्हणालो, रस्त्याच्या हक्कांत प्रेषित (स.) यांनी पहिल्यांदा जी गोष्ट मोजली त्यांपैकी एक म्हणजे कोणाला इजा न पोहोचवणे, आणि तेथे वाटसरूचे नाव विचारलेले नाही. दुसऱ्या सदस्याने विम्याचा मुद्दा काढला. विम्याचा दावा अपघात प्राधिकरणापुढे चालेलच आणि चालला पाहिजे. पण त्याला लागतील ती वर्षे, बाईंची चूल रोज पेटायची आहे. अखेर शस्त्रक्रियेचा खर्च जमातीने उचलण्याचे ठरले. चालकाला वाहन चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यायचे आणि रुग्ण आत नसताना सायरन बंद ठेवायचा, हेही ठरले.

राहिला बुडालेल्या मजुरीचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात, बाईंना पाटी उचलायला सहा महिने तरी लागतील. सहा महिन्यांची भाजीची कमाई किती धरायची, यावर बैठकीत एकमत झाले नाही. पुढच्या जुम्यानंतर पुन्हा बसायचे आहे. दरम्यान चालक रोज असरनंतर त्यांच्याकडे दूध घेऊन जातो. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडले नाही, असे तो सांगत होता.