साधारणीकरण आणि विक्रीचे छायाचित्र

उरण तालुक्यातील जासई हे गाव न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. 'स्टॉक फोटोग्राफी'साठी, म्हणजे अनेक ग्राहकांना पुन:पुन्हा विकावयाच्या संग्रहासाठी, चित्रे टिपणाऱ्यास येथे 'व्यापार', 'विकास' या शब्दांखाली खपणारी दृश्ये सहज मिळतात : ट्रेलरच्या रांगा, रचलेले कंटेनर. याच परिसरात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, पोलिसी गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. वरील दृश्यांत या घटनेचा मागमूसही नसतो. छायाचित्रकाराने ती लपविली असे मात्र म्हणता येत नाही; काय टिपावयाचे हे अज्ञात ग्राहकाने आधीच ठरविलेले असते. गावाची पाटी, कंपनीचे बोधचिन्ह, संमतीपत्राविना ओळखू येणारा चेहरा, हे सारे जाहिरातीच्या वापरासाठी वगळावे लागते.

यास साधारणीकरण म्हणावे काय? भट्टनायकाने मांडलेल्या व अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या या संकल्पनेत विशिष्टत्व गळते ते रसिकाच्या आस्वादात, नाटककाराच्या लेखणीत नव्हे. शकुंतला प्रथम शकुंतलाच असावी लागते. विक्रीच्या चित्रात विशिष्टाची गाळणी कॅमेऱ्यापुढेच होते; आस्वादकाला ओलांडण्यासारखे काही उरतच नाही. वस्तू भिंगासमोर खरोखरच होती या साक्षीत रोलाँ बार्थने छायाचित्राचे सत्त्व पाहिले. येथे साक्ष राहते, कशाची ते पुसले जाते.

खरा नैतिक पेच संमतीपत्राचा आहे. जासईतील एखादा वृद्ध शेतकरी त्यावर सही करतो तेव्हा तो नेमकी कशास संमती देतो? त्याचा चेहरा उद्या विम्याच्या जाहिरातीत दिसेल, परवा 'ग्रामीण दारिद्र्य' या मथळ्याखाली. बदनामीस मज्जाव करणाऱ्या अटी असतात. पण दुसऱ्याच अर्थासाठी वापरले जाणे म्हणजे बदनामी नव्हे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील 'सार्वजनिक प्रयोजन' ही संज्ञाही अशीच ऐसपैस होती; विशिष्ट शेत तीत सामान्य जमीन झाले. ही तुलना ताणू नये. जमीन जाते, चेहरा जात नाही. तथापि दोन्हीकडे सही करणाऱ्यास प्रयोजनाचा तपशील ठाऊक नसतो, आणि छायाचित्रकारास हे ठाऊक असते.

संग्रहात 'संपादकीय वापर' असा एक वेगळा वर्गही असतो. त्यातील चित्राखाली स्थळ आणि दिनांक नोंदवितात. जाहिरातदारास ते घेता येत नाही, म्हणून त्याची बाजारपेठ आक्रसते. १६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्यांचे छायाचित्र याच वर्गात बसेल. ते काढावयाचे की रस्त्यावरचे ट्रेलर, हा निर्णय कॅमेरा उचलण्यापूर्वीचा आहे.